चोक कोणता, छर्रा कितीचा

३० सप्टेंबर, सोमवार
फेझंट पक्ष्याच्या शिकारीचा सीझन तोंडावर आला. यंदा सगळं शास्त्रशुद्ध करायचं. गेल्या वर्षी सासऱ्यांच्या शेतावर मला एकही पक्षी मिळाला नाही, त्याचं कारण आज सापडलं. चोक! बंदुकीच्या तोंडाशी पिळून बसवायची ती बोटभर नळी. माझी फार मोकळी होती. छर्रे पांगले, पक्षी मधून निघून गेला. नेम उत्तमच होता.
निर्णय : सगळ्यात आवळ चोक, चार नंबरचा जाड छर्रा. विषय संपला.

२ ऑक्टोबर
विषय संपलेला नाही. मेहुणा रोल्फ म्हणतो, पक्षी पायाखालून उडाला तर आवळ चोकने त्याचा खिमा होईल, चमच्याने वाढावा लागेल. रोल्फला शास्त्र कळत नाही. पण मुद्दा बरोबर आहे.
नवा निर्णय : मोकळा चोक, सहा नंबरचा बारीक छर्रा.

३ ऑक्टोबर
सहा नंबर फार बारीक. जिम नदीच्या काठावर वारा कसला असतो! पाच नंबर आणि मधला चोक. हे अंतिम.
शाळेत बँडच्या तासाला फळ्यावर छर्रे कसे पसरतात ते काढून दाखवलं. ट्रॉम्बोनवाले कधी नव्हे ते गप्प बसले. गाण्याची तालीम राहिली.

६ ऑक्टोबर, रविवार
चाचणी. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कुंपणापाशी उभा केला, मधोमध वर्तुळ. मधल्या चोकने तीन बार. एकही छर्रा वर्तुळात नाही, सगळे वर डावीकडे. चोक तिरका बसतो हे उघड आहे. बायको, अर्डिस, म्हणाली, "अहो, तुम्ही डोळे मिटता." मी म्हणालो, मिटत नाही, किलकिले करतो. तिने बंदूक मागितली आणि एक बार टाकला. वर्तुळाची चाळण. तेवढ्यात वारा पडला होता.
रोल्फ म्हणतो, क्लबात जाऊन मातीच्या तबकड्यांवर हात बसव. ज्यांचा अभ्यास नाही त्यांनी हात बसवावा.

९ ऑक्टोबर
टपालाने जास्तीच्या दोन ट्यूब आल्या. 'किंचित मोकळा' आणि 'किंचित आवळ'. आता कुठलीही परिस्थिती हाताळू शकतो. झोप नीट लागत नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार
सासऱ्यांचा फोन. एल्व्हर्न त्यांचं नाव, वय एक्याऐंशी, पण आवाज खणखणीत. मला वाटलं चोकबद्दल सल्ला हवा असेल. पाच नंबर कसा सर्वोत्तम ते मी सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "जावईबापू, ते असू दे. अर्डिसला दे फोन."
ती अंगणात जाऊन बराच वेळ बोलली. परत आली तेव्हा डोळे लाल. कांदे चिरले नव्हते.

१३ ऑक्टोबर
अर्डिसने सांगितलं. बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. उडालेला पक्षी दिसतो, रंग दिसत नाहीत. नराचं लांब शेपूट, मानेवरचं पांढरं कडं ओळखू येत नाही, त्यामुळे नर की मादी ते कळत नाही. मादी मारायची नाही हा कायदा, आणि त्यांनी साठ वर्षांत एकही मारलेली नाही. एक जरी हातून पडली तर बंदूक खुंटीला टांगीन म्हणतात. हे रोल्फला सांगायचं नाही. "तुम्ही त्यांच्या शेजारी उभे राहा. पक्षी आला की ओरडून सांगा, नर का मादी. एवढंच काम."
म्हणजे सासऱ्यांनी सगळ्यांतून मला निवडलं! उजवा हात म्हणून. मी म्हणालो, अवश्य.
प्रश्न : बाकीचे मका तुडवत पक्षी हाकत येणार, आम्ही शेताच्या टोकाला. तिथे पक्षी उंचावरून येतील. मग मधला चोक कसा चालेल?

१६ ऑक्टोबर
आवळ. पक्का.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
किंचित आवळ. बाकीच्या चारही ट्यूब आणि पाना खिशात ठेवतो. अर्डिस म्हणाली, बंदूक घरीच ठेवा. हसलो.

१९ ऑक्टोबर, शनिवार, संध्याकाळ
दहाला सुरुवात. ऊन, थंडी, मागून वारा. सासरे टोकाला फळकुटावर बसले, मी शेजारी. दूर मक्यात नारिंगी टोप्यांची रांग सरकू लागली. दोन माद्या आल्या. मी ओरडलो, "मादी! मादी!" आवाज बँडमास्तरचा, पार नदीपर्यंत गेला असेल. सासरे हसले. म्हणाले, "वा, भोंगा चांगला आहे."
मग लक्षात आलं, मका अपेक्षेपेक्षा बुटका आहे. पक्षी जवळून उठणार. काडतुसं काढली आणि ट्यूब पिळायला घेतली. गारठ्याने अडकली होती. पाना लावला, मान खाली.
पंखांचा फडफडाट. वर बघेपर्यंत तो आमच्या डोक्यावर. सासरे उभे, बंदूक खांद्याला, बोट चापावर. विचारलं, "नर का मादी?" माझ्या दातांत दुसरी ट्यूब होती. पुन्हा म्हणाले, "अरे, नर का?" ट्यूब थुंकेपर्यंत पक्षी नदीपार.
बंदूक हळूच खाली आली. त्यांनी काडतुसं काढून खिशात टाकली आणि गाडीत जाऊन बसले. नंतर उतरलेच नाहीत. रोल्फने विचारलं तर म्हणाले, गुडघा दुखतोय.
संध्याकाळी चिस्लिक, म्हणजे मांसाचे तुकडे, तळणं चाललं होतं, बाहेर हसणं. मी त्यांना कॉफी न्यायला गेलो. चोक का अडकला ते सांगणार होतो. त्यांनी काच खाली केली. "जावईबापू, सकाळचा तो काय होता?"
मी म्हणालो, मादी.
"मग बरं झालं," ते म्हणाले. "थांबलो ते बरं झालं." कॉफी घेतली.
हातभर शेपूट होतं त्याला. मानेवरचं पांढरं कडंसुद्धा दिसलं मला.