छत्तीस फोटोंतला तिसरा माणूस

ती. मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात जितकं वाकता येईल तितकं वाकले आहे असं समजावं). गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदूची तारीख मिळाली का? आम्ही सगळे ठीक. आता लगेच सांगून टाकते, नाहीतर धीर सुटेल.

मागच्या मंगळवारी तुम्ही डोळे तपासायला गेला होतात, तेव्हा मी तुमच्या घरी येऊन कपाटाच्या खालच्या खणातला एक रोल न विचारता नेला. माझा नाइलाज होता. लग्न ठरलेलं एक जोडपं आलं होतं. तो दातांचा डॉक्टर, ती पोहायला शिकवते. तिला फोटो रोलवरच हवे होते, कारण मोबाइलवर काढलेला प्रत्येक फोटो तो मोठा करून बघायचा आणि “पुन्हा काढू, तुझा वरचा ओठ नीट आलेला नाही” म्हणायचा. रोलवर बघताच येत नाही, म्हणून सुटका. माझ्याकडचे रोल संपले होते, दुकानदार म्हणाला पंधरा दिवस लागतील, आणि तुमच्या खणात एक चांगला दिसत होता. वापरलेल्या रोलचं टोक आत ओढलेलं असतं, याचं बाहेर होतं. मला तो कोरा वाटला. (वीस वर्षं या धंद्यात आहे आणि डब्यावर काही लिहिलंय का, ते पाहिलं नाही. हे बाहेर कुठे बोलू नका.)

मग तुम्ही मला दिलेल्या मोठ्या कॅमेऱ्यात तो भरला आणि आम्ही तलावावर गेलो. म्हणजे ती शिकवते त्या पोहण्याच्या तलावावर. डॉक्टर काळा कोट घालून आले होते आणि ओल्या फरशीवर असे चालत होते की जणू फरशीलाच भूल द्यायची आहे. दोघं एकमेकांशी इतकं जपून बोलत होते की मला वाटलं, यांचं लग्न ठरलंय की कोर्टातली तारीख? मी “जवळ या” म्हटलं की दोघंही माझ्याजवळ यायचे. तरी छत्तीस फोटो काढले, रोल धुवायला दिला आणि शुक्रवारी दोघांना स्टुडिओत बोलावलं. मी स्वतः आधी पाहायला हवे होते. नाही पाहिले. पाकीट त्यांच्यासमोरच उघडलं.

मामा, प्रत्येक फोटोत तुम्ही होतात.

फोटोत जिथे जिथे काळोख, तिथे तिथे तुम्ही उमटला होतात, आणि सगळ्यात जास्त काळोख डॉक्टरांच्या कोटावर होता. पहिल्या फोटोत त्यांच्या छातीवर तुमची पाठ. चौथ्यात जिन्याखाली तुमचा नुसता पाय. नवव्यात तुम्ही धावत येताय आणि खुर्ची पडतेय. मग चष्मा लावून, चष्मा काढून, मग हातात पुस्तक घेऊन. तुमच्याकडच्या छोट्या कॅमेऱ्याला टायमर लावून तुम्ही याच रोलवर आधी स्वतःचे फोटो काढले होते आणि मी त्यांच्यावरच दुसऱ्यांदा काढले, हे मला तेव्हा समजलं. आता हे लोक गावभर मला नावं ठेवणार.

“हे कोण?” डॉक्टरांनी विचारलं.

“माझे मामा,” मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यांनी फोटो दिव्याजवळ धरला. “यांचा डावीकडचा सुळा हलत असणार. एकदा यायला सांगा.”

हे ऐकून ती हसायला लागली. आधी तोंडावर हात, मग टेबलावर डोकं, मग डोळ्यांतून पाणी. डॉक्टर क्षणभर रागावल्यासारखे दिसले आणि मग त्यांनाही आवरेना. तिचा ओठ पार कानापर्यंत गेला होता आणि त्याबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी पुन्हा फुकट काढून देते म्हटलं, तर ती म्हणाली, “नको, हेच द्या. आमच्या दोघांचे नुसते बघायला कोण येणार आहे?”

ते गेल्यावर मी निगेटिव्ह बारकाईने पाहिली. शेवटच्या फोटोत तुम्ही नीट बसला आहात, केस विंचरून, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. तिथे मात्र मला हसू आलं नाही. मामी जाऊन सात वर्षं झाली. या सात वर्षांत मी कितीतरी परक्यांचे फोटो काढले आणि तुमचा एकही काढला नाही. तुम्हाला खुर्ची आणि कॅमेऱ्यामध्ये छत्तीस वेळा पळावं लागलं, तेही त्या गुडघ्यावर. हे फोटो कशासाठी, ते मी विचारणार नाही. (वधूवर मंडळाचा फॉर्म त्याच खणात होता. तो मी वाचला नाही. अर्धाच वाचला.)

राग आला असेल तर दोन दिवस धरा, त्याहून जास्त नको.

तुमची भाची

ता. क. त्या मुलीच्या मावशी काल फोटोंचं पाकीट घेऊन स्टुडिओत येऊन गेल्या. हवामान खात्यातून निवृत्त झाल्या आहेत, एकट्याच असतात, अगदी नेमकं बोलतात. सगळे फोटो क्रमाने लावून पाहिले आणि म्हणाल्या, “माणूस चिकाटीचा दिसतोय.” शेवटच्या फोटोची एक प्रत मागून नेली. मी दिली.

आणखी एक. शनिवारी चार वाजता त्या स्वतःचा फोटो काढायला येणार आहेत. तुम्हीही चारलाच या. “मामांना माहीत आहे ना?” असं त्यांनी तीनदा विचारलं आणि मी तिन्ही वेळा हो म्हटलं, म्हणून हे पत्र. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं.