चांदणीचा उजवा पाय

३ फेब्रु. १९५३, मंगळ.
चांदणी पुढचा उजवा पाय उचलून धरते, तो नाच की दुखणं? मला सांगता येत नाही. काल गिरीज गावच्या वरातीत ताशा थांबला तरी आमच्या या घोडीने पाय खाली टेकला नाही. लोक ओरडले, "सलाम करते, सलाम!" बाबा खूश. टाळ्या मीही वाजवल्या.

५ फेब्रु., गुरु.
शाळेत शिकवून आले ती थेट तबेल्यात. ना ताशा, ना बघणारं कोणी. तरी पाय वरच. खुराच्या वरचा सांधा हाताला गरम लागला. डावा थंड. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "वीस वर्सं घोडी नाचवतोय. तू बी. ए. झाली ती काय घोड्यांची?" आई हसली. मला नाही आलं हसू.

८ फेब्रु., रवि.
गुरांच्या डॉक्टरांना मीच घेऊन आले. त्यांनी पाय थोडा वेळ दुमडून धरला, मग चालवायला लावलं. लंगडली. बाबांच्या डोळ्यांदेखत! डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, पहिल्यासारखा होणार नाही. पण नाच बंद, चार महिने विसावा, रोज समुद्राच्या पाण्यात उभी केली, तर अजून पुष्कळ वर्षं हिंडेल. दगडी रस्त्यावर नाचवलीत तर लवकरच कायमची बसेल.
बाबा: "उमेळे गावचं लगीन होऊ दे, मंग पान्यात उभी करतो."
होऊ दे! म्हणजे सगळं कळलं, तरी…

११ फेब्रु., बुध.
उमेळ्याच्या नवरदेवाच्या वडिलांनी मुद्दाम 'सलामवाली' मागितली आहे. म्हणून बाबा तिला सराव देताहेत. त्याच सांध्याला छडी टेकायची, पाय वर आला की गुळाचा खडा. मी छडी हिसकावून घेतली. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुझं कालेज ह्याच पायांवर झालं, सुमन."
खरं आहे. म्हणून तर जास्त चीड येते. त्यांची, त्या टाळ्यांची, माझी.

१४ फेब्रु., शनि.
अर्धी शाळा. घोडी ठरवताना उमेळेकरांनी दिलेली सुपारी देव्हाऱ्यात होती. ती घेतली आणि चालत उमेळ्याला गेले. नवरदेवाचे वडील ओटीवरच होते. घोडी येणार नाही म्हटलं.
"तुमच्या घरात बाप कोन, तू का तो?"
"घोडी लंगडी आहे."
"लंगडी? गिरीजला नाचली ती कशी मंग?"
"नाचत नव्हती ती."
"दिलेली सुपारी कोन परत आनतं? मंगलकार्य आहे पोरी, उचल ती!"
उचलली नाही. ओटीवर ठेवली आणि मागे न बघता निघाले.
घरी आले तर बाबा अंगणात. चांदणीच्या कपाळपट्टीला नवे गोंडे शिवताहेत, लग्नासाठी. "मधे लाल लावू का हिरवा?" मला विचारलं. तशीच आत येऊन हे लिहिते आहे. सुपारी परत केली. बाबांना अजून माहीत नाही.