गच्चीवरचं माळवद

आबा, आधी ओळख देते, कारण तुमचा काही भरवसा नाही. कमरेला चंची खोचून तीच चंची घरभर शोधणारे तुम्ही. तिकडे गेल्यावर लेक कोण नि जावई कोण हे ध्यानात राहिलं असेल असं मला वाटत नाही. मी तुमची थोरली. मद्रासेत दिलेली. हो, तीच, जिभेला हाड नसलेली.

लिहून घेतेय ती माझी नात. अक्षर तुम्हाला येत नव्हतं, मलाही येत नाही, मग तुमचे आबा हे पत्र वाचणार कसं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "तू लिही. वाचणाऱ्याचं वाचणारा बघून घेईल." ती सिरुसेरीला मोठ्या कंपनीत कामाला आहे. तिथं दिवसभर इंग्रजी, दारात तमिळ, आणि मराठी फक्त माझ्या वाट्याची. मी भरभर बोलायला लागले की हात वर करते, "आज्जी, मेदुवा, मेदुवा." हळू, हळू. आज मी हळूच बोलणार आहे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. तुम्ही होतात तेव्हा सांगितली नाही, तुम्ही गेल्यावर दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नव्हता. आता वर गच्चीचं काम काढलं आहे आणि प्रत्येक ठोक्याला ती माझ्या ओठांवर येते.

घर तेच आहे, वेलचेरीचं. तुम्ही आलात तेव्हा आजूबाजूला भाताची शेतं होती आणि पलीकडे तळं. आता चहूकडे चार-चार मजली फ्लॅट, आणि आपलं घर त्यांच्या पायाशी मांजरासारखं बसलेलं. तुमच्या खोलीत आता मी झोपते. चैत्र संपला की तिथं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं! इथल्या कत्तिरीच्या उन्हात, त्या वैशाखातल्या दिवसांत, स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून खाली ओकतो. पंखा लावला तर तेच गरम वारं अंगावर फिरवतो. मागच्या उन्हाळ्यात मला घेरी आली, मोरीच्या दारात पडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात अशा खोलीत झोपायचं नाही. नात म्हणाली, ए.सी. बसवू. मी नाही म्हटलं. माझ्या खोलीत झोप, म्हणाली. तेही नाही म्हटलं. शेवटी तिनं मला विचारायचंच सोडलं आणि थेट मेस्त्री घेऊन आली.

तो मेस्त्री बघण्यासारखा आहे. बोलतो कमी, पायाच्या अंगठ्यानं गच्ची दाबून बघतो. त्यानं जुना थर काढला, आता तिथं फिकट निळ्या रंगाच्या जाड पाट्या बसवतोय, थर्माकोलच्या थोरल्या भावासारख्या. त्यांच्यावर सिमेंट, पाण्याला उतार, आणि सगळ्यात वर पांढऱ्या फरशा. फरशा ऊन परत पाठवतात आणि पाट्या उरलंसुरलं अडवतात, असं नात मला समजावून सांगत होती. मी तिला म्हटलं, "अगं, हे आमच्याकडे माळवद म्हणतात." तिला माळवद माहीत नाही. सांगितलं, की लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या, त्यांच्यावर हातभर माती, आणि वरून पांढऱ्या मातीचा थर. मृगाच्या आधी माझे वडील दरवर्षी नवी माती टाकायचे, आणि बाहेर पाखरं उन्हानं झाडाखाली पडायची तेव्हा आत आम्ही गोधडी घेऊन निजायचो. ती म्हणाली, "गोधडी जास्त झाली, आज्जी." बरं, नसेल गोधडी. चादर होती.

आई गेली आणि मी तुम्हाला इकडे आणलं. तुम्ही यायला तयार नव्हतात. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणारे तुम्ही. मी म्हणाले होते, "पाणी पिऊ नका, चहा प्या. चहाबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही." तेव्हा हसलात आणि पिशवी उचललीत. तुमचे जावई आपल्याला न्यायला एग्मोर स्टेशनवर आले होते, कचेरीतून तसेच. तुम्ही त्यांच्या पाया पडायला वाकलात. जावई म्हणून. भर फलाटावर ते दोन पावलं मागे सरकले. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की तुम्ही माझ्या घरात असेच अवघडून, एका पायावर उभे राहणार आहात.

पहिलाच उन्हाळा. दोन दिवस तुम्ही छताकडे बघत पडून राहिलात. तिसऱ्या दिवशी घमेलं मागितलंत. तळ्याचा गाळ, भाताचा पेंढा, दोन्ही पायानं तुडवायचं आणि जिन्यावरून वर न्यायचं. साठीच्या पुढचा माणूस, आठ-दहा दिवस हेच. मला लाज वाटत होती. शेजारची मामी कुंपणावरून विचारायची, "तुझे वडील वर काय करताहेत, शेत?" मी म्हणायचे, "हो, भुईमूग लावताहेत." पण तुम्ही चार बोटं जाडीचा थर दिलात, पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या नळाकडे हाताच्या तळव्यानं उतार काढलात, आणि त्या वैशाखात मामी दुपारची आपल्या घरात येऊन निजायला लागली. भिंतीला पाठ टेकून म्हणायची, "जिल्लुन्नु इरुक्कु." गारेगार आहे. तुम्हाला तमिळ कळत नव्हतं, एवढंच कळलं. दिवसातून चारदा म्हणायला लागलात, जिल्लुन्नु, जिल्लुन्नु. पोरगं बाराखडी म्हणतं तसं.

मग दिवाळी आली. इथं दिवाळी आणि पाऊस बरोबरच येतात. जावयांचे साहेब आणि त्यांच्या बाई फराळाला आल्या होत्या, आमच्याकडे पहिल्यांदाच. मी चार दिवस खपले होते. चकल्यांना असा काटा आला होता की तुम्हीही दोनदा हात पुढे केलात. आणि पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायला लागलं. नुसतं पाणी नाही, चिखलाचं. आधी सतरंजीवर, मग बाईंच्या बशीत, मग धारच लागली. बाई उठून उभ्या राहिल्या, पदर झटकत. वर गच्चीत गुडघाभर पाणी साठलं होतं.

मी तेव्हा काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. एवढं तरी विसरला असतात तर बरं झालं असतं. "आबा, डोकं शिल्लक आहे का? माळवद घालायला हे तुमचं गाव आहे का? लेकीच्या घरात आलात तर पाहुण्यासारखं राहायचं, घरमालकासारखं नाही." साहेबांसमोर. मराठीत बोलले म्हणून त्यांना कळलं नसेल, असं मी पुढं कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. माझ्या आवाजाला कुठली भाषा लागत नव्हती.

तुम्ही छत्री न घेता वर गेलात. थोड्या वेळानं नळातून पाणी असं घळघळत खाली पडलं की सगळ्यांनी खिडकीकडे बघितलं. तुम्ही खाली आलात, कोपरापर्यंत चिखल, आणि दाराबाहेरच थांबून म्हणालात, "माझंच चुकलं. उतार कमी पडला."

ही झाली तुम्हाला माहीत असलेली गोष्ट. आता मला माहीत असलेली.

चकलीच्या भाजणीसाठी मी डाळी-तांदूळ धुऊन गच्चीत बाजेवर वाळत घातले होते. नळाच्या तोंडातून उंदीर वर यायचे, डाळीत तोंड घालायचे. म्हणून माझ्या जुन्या लुगड्याचा बोळा करून मी नळाच्या तोंडात ठासून बसवला. भाजणी दळून आणली, चकल्या झाल्या, आणि बोळा मी विसरले. उतार कमी पडला नव्हता, आबा. उतार बरोबर होता.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी मागच्या पडवीत गेले. दोरीवर ते लुगड्याचं धडपं वाळत होतं. धुऊन, पिळून, चारी कोपरे सरळ करून. मधे माझ्या हातचं ठिगळ, लाल दोऱ्याचं. तुम्ही खाली बसून पाय धूत होतात. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी त्या धडप्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "चांगलं आहे अजून. पुसायला होईल." आणि मी म्हणाले, "हं." एवढंच म्हणाले. आत जावई अजून तणतणत होते, म्हाताऱ्यानं अब्रू घालवली म्हणून. दोन पावलं आत जाऊन खरं सांगायचं होतं. मी कणीक मळायला बसले.

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला आणि तुम्ही खोरं घेऊन सगळी माती खरवडलीत. कुणी सांगितलं नव्हतं. घमेल्यानं परत तळ्याला. मामी हळहळली. त्यानंतर तुम्ही खरंच पाहुणे झालात. तहान लागली तरी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, उंबऱ्याबाहेरून, "बाई, पाणी मिळेल का?" मी चेष्टा केली, मी रागावले, एकदा तर तांब्या तुमच्या पुढ्यात आपटला. तुम्ही तांब्या उचललात आणि "बरंय" म्हणालात. पुढचा उन्हाळा आला. स्लॅब उघडा. मी विचारायचे, "आबा, उकडतंय का हो?" तुमचं ठरलेलं, "नाही. बरंय." मला दिसत होतं. ओल्या पंच्याची घडी डोक्यावर घेऊन तुम्ही भिंतीपासून दूर, खोलीच्या मधोमध बसायचात. मला दिसत होतं आणि मी तुमचं "बरंय" खरं धरायचे, कारण ते खोटं धरलं असतं तर मग पुढचंही बोलावं लागलं असतं.

त्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, त्याच खोलीत तुम्ही गेलात. मी शेजारी मामीकडे लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते. डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली.

नातीनं इथं पेन थांबवलंय. मघाशी, पत्राला बसायच्या आधी, ती वर जाऊन मेस्त्रीला विचारून आली, माझ्या पणजोबांनी गाळाचा थर घातला होता म्हणे, तो चुकीचा होता का? तो म्हणाला, थर चांगलाच असणार, पूर्वी इकडेही लोक असलंच काहीबाही घालायचे, कुणी मडकी पालथी घालायचं. फक्त नळ मोकळा ठेवायला हवा. ती खाली येऊन मला हे आनंदानं सांगत होती. तिला वाटलं मला बरं वाटेल. म्हणून तर आज हे सगळं सांगायला बसले, नाहीतर ते माझ्याबरोबरच गेलं असतं. आता ती माझ्याकडे बघत नाही, कागदाकडे बघतेय. बघू दे. माझी आज्जी फार धीट, कुणालाच घाबरत नाही, असं ती मैत्रिणींना सांगते. आता ऐकलंस ना, बाई? लुगड्याच्या चिंधीला घाबरले होते मी.

ए.सी. का नको, त्या खोलीतून का हलत नाही, हे ती पाच वर्षं विचारतेय आणि मी म्हणते मला सवय आहे. त्या खोलीत मी तुमच्या जागी झोपते, आबा. मधोमध. त्यानं तुमचं काही भरून निघत नाही हे मला कळतं, पण दुसरं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही. नात म्हणते, समुद्रात सोडू; मी म्हटलं, कागदाचा कचरा कशाला करतेस, ठेव कपाटात. तुम्ही माफ करा असंही मी म्हणत नाही, कारण तुम्ही "बरंय" म्हणाल आणि मी पुन्हा ते खरं धरेन. एकच गोष्ट लिही, पोरी, आणि मग कागद घडी कर. लिही, की मला उकडतं. फार उकडतं. पहिल्यापासून उकडत होतं.

झालं? आता ऊठ. बारा वाजून गेले, मेस्त्री आणि त्याची बायको सकाळपासून वर आहेत. ताक कर, मीठ हात सैल सोडून घाल, आलं ठेचून. दहीभात मोठ्या डब्यात भर, लिंबाचं लोणचं दे. शेंगदाण्याची चटणी थोडीच, आणि तिखट आहे म्हणून सांग. नुसता डबा ठेवून खाली पळून येऊ नकोस. त्यांना सावलीत बसव, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत तिथंच थांब.