बाबांचं ‘नको’

सौंदड, रविवार

प्रिय अल्काताई,

तू घरचा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र केशोरीला पोस्टानं पाठवतोय. सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. माझ्या डोक्याचा सध्या पार भुगा झालाय.

मेंदूचे एमआरआय पायथॉन या संगणकाच्या भाषेतून कसे तपासायचे, ते मी ऑनलाइन शिकतोय. स्वल्पविराम चुकला तरी ते यंत्र रुसून बसतं, आपल्या घरातल्यांसारखं. सरावासाठी बाबांचीच सीडी उघडली, उन्हाळ्यात मेंदूचा झटका आला तेव्हाची. हातपाय धड राहिले म्हणून आम्ही तो रिपोर्ट कपाटात टाकून मोकळे झालो होतो. तेव्हापासून ते ‘नको’शिवाय फारसं बोलत नाहीत, तो आम्ही रागच समजलो.

वर्गात शिकवलंय, बोलण्याचा भाग बहुतेकांच्या मेंदूत डावीकडे असतो. बाबांचा डाग पडद्यावर उजवीकडे. म्हणजे बोलणं शाबूत. म्हणजे तू तुझ्या मनानं लग्न केल्यावर दोन वर्षांनी, या झटक्यानंतर, लाखोळीच्या डाळीचे वडे घेऊन दारात आलीस, तेव्हा ते ‘नको, नको’ म्हणाले ते मनापासूनच. मला फार वाईट वाटलं. पण तू डबा दारातल्या ओट्यावर ठेवून परत गेलीस आणि तेच वडे त्यांनी एकट्यानं संपवले, ते का? चहाचा कप दोन्ही हातांनी धरूनही ‘नको’ कशाला? आईला विचारलं तर म्हणाली, “राग त्याहीच्या मनात आहे, तू डोस्क्यात काऊन शोधून राहिला?” मला पटलं, आणि नाहीही पटलं.

परवा शिकवणीतला एक एमआरआय उघडला. त्या माणसाच्या उजव्या कानशिलाला खूण म्हणून एक कॅप्सूल चिकटवली होती. ती पडद्यावर दिसली डावीकडे. मी स्वतःलाच शिव्या देत कोड पुन्हा पुन्हा तपासला. शेवटी शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं, तर त्या हसल्या. डॉक्टरी चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून असतो, जेवताना बाबा समोर बसतात तसा. त्याची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. म्हणजे बाबांचा डाग डावीकडेच होता. मात्र यावरून निदान करत बसू नकोस, डॉक्टरांना भेट, असंही त्यांनी बजावलं.

काल बाबांना घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचाच भाग दुखावलाय. समजतं पुष्कळ, पण मनातलं जिभेवर येत नाही. एखादाच शब्द उरतो आणि तोच सगळीकडे येतो. त्यांनी बाबांना त्यांचं नाव विचारलं. बाबा म्हणाले, “नको.” मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला कुठे बघावं ते कळेना.

त्यांच्या मनात तुझ्याबद्दल काय आहे हे मला अजूनही ठाऊक नाही, ताई. तेवढं पायथॉनला येत नाही. पण तुझा तो डबा ते आईला उचलू देत नाहीत, खाटेवर उशाशी घेऊन झोपतात. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी, की तू ये. तुला दारात बघून ते पुन्हा ‘नको’च म्हणतील. तेव्हा माघारी वळू नकोस. चपला काढ आणि आत ये.

तुझाच,
संघदीप