नदीला म्हटलं, हलू नका

१२ जानेवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या दादांच्या वेळीही कुरकुरायचे.

ह्यांना जाऊन वर्ष झालं, तरी कॅमेऱ्याला मी हात लावला नव्हता. परवा कपाटातून काढला. आत रोल आहे आणि पाच फोटो शिल्लक आहेत. ह्यांच्या फोटो स्टुडिओतले भागीदार म्हणाले, तसाच धुवून देतो. मी नको म्हटलं. एकदा धुतला की ह्यांच्याकडून यायचं असं काहीच उरत नाही. पण ठेवून ठेवून रोल खराब होतो, असंही ते म्हणाले. इकडे आड, तिकडे विहीर.

तुझ्या भिंतीसाठी वाहत्या नदीचा फोटो द्यायचं ह्यांनी कबूल केलं होतं, ते आजारपणात राहून गेलं. तेव्हा उरलेले पाच फोटो नदीचे, आणि काढणार मी. हसू नकोस. वाचनालयातून पुस्तक आणून दोनदा वाचलंय. शटर बराच वेळ उघडं ठेवलं की पाणी दुधासारखं येतं म्हणे.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी वहिनी

१९ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

हसू नकोस म्हणालीस म्हणून जास्तच हसले. मिक्सर लावताना डोळे मिटून घेणारी बाई शटर उघडं ठेवणार!

माझी एकच अट. फोटो रंगीत हवा. सोफा हिरवा आहे, त्याच्यावर काळी-पांढरी नदी म्हणजे सुतकच. दादाशी मी याच्यावरूनच भांडायचे. तो म्हणायचा, रंग आला की लोक पाणी बघत नाहीत, रंग बघतात. मी म्हणायचे, लोकांनी माझा सोफाच बघायचाय.

आणि पाण्यात पाय घालू नकोस. पडलीस तर आमचे हे तुला काढायला उडी मारतील, आणि त्यांना पोहता येत नाही.

लोभ आहेच, तो सोफ्यासकट असू दे.
तुझी चिमणी

२ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रंगाचा विषय मिटला. आतला रोलच काळा-पांढरा आहे. आता तूच सोफा बदल.

संध्याकाळी उजेड उतरल्यावर पुलाजवळ स्टँड लावला. पहिल्या फोटोला स्टँडचा पाय वाळूत रुतला, दुसऱ्याला मला शिंक आली, पुढचे दोन बरे गेले. शेवटच्याला काय झालं कोण जाणे. स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून इतकी वर्षं ह्यांच्या तोंडून जे ऐकत आले, तेच माझ्या तोंडून निघालं. वाहत्या नदीला मी खणखणीत आवाजात बजावलं, की हलू नका.

नदीने ऐकलं नाही. पण समोरच्या काठावर एक आजोबा गळ टाकून उभे होते, त्यांनी ऐकलं. ते जागच्या जागी थिजले. आणि नेमका तेव्हाच मासा लागला! काठी वाकली, मासा ओढतोय, आणि आजोबा श्वास रोखून माझ्याकडे बघतायत. मी शटर मिटेपर्यंत मासा पसार. मग ते पूल ओलांडून तरातरा आले. म्हटलं, आता माझी खरडपट्टी. त्यांनी विचारलं काय, तर चेहरा नीट आला का.

रोल संपला. डबीत घालून उशीजवळ ठेवलाय. भागीदारांकडे न्यायला पाय उचलत नाही.

आठवण असू दे.
वहिनी

८ फेब्रुवारी

ती. वहिनीस,
सा. न.

आजोबांचं वाचून आमच्या ह्यांना ठसका लागला.

वहिनी, आता रोल दे. गिऱ्हाईक ताटकळलं की दादाचा जीव खालीवर व्हायचा, आणि तू आजोबांना ताटकळत ठेवलंयस. काहीही निघो. रडू आलं तर इकडे ये, सोफा मोठा आहे.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
चिमणी

२१ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोबत तुझा फोटो. नदी खरंच दुधासारखी आलीय आणि आजोबा दगडासारखे. मिशीचा केस न् केस दिसतो, आणि मासा गेल्याचं दुःखही. एक प्रत त्यांना दिली. त्यांनी चष्मा लावून आधी पाण्यात मासा शोधला.

आता त्याआधीचे फोटो. मला वाटलं होतं, कुणाचं तरी लग्न निघेल. निघालं आपलं स्वयंपाकघर. सगळे फोटो तेच. ओटा, खिडकी, कपबश्या अगदी रेखीव, आणि मधोमध धुरासारखा एक पट्टा, ओट्यापासून दारापर्यंत वाहत गेलेला. रोल खराब झाला का, असं मी भागीदारांना विचारलं. ते हसायलाच लागले. म्हणाले, वहिनी, ह्या तुम्ही. नदीपर्यंत जायचं त्राण नव्हतं, म्हणून घरात जे सारखं वाहतं त्याच्यावर सराव केलेला दिसतो.

आजारपणात हे स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॅमेरा ठेवून बसायचे. मला वाटायचं, पुसतायत. वर मी टोमणा मारायचे, की सगळ्या गावाचे फोटो काढलेत आणि बायकोचा एक धड नाही. आता रोलभर आहेत, आणि एकातही मला नाक-डोळे नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला हलू नका म्हणणारा माणूस. मला एकदाही म्हणाले नाहीत.

त्यातला एक मी ओट्याजवळ लावलाय. काल त्याच्यासमोर जरा थांबले, तर इकडे दूध उतू गेलं.

आजोबांना सोफ्याच्या बरोबर वर लाव, आणि लोभ वाहता ठेव.
तुझी वहिनी