धोंड्याच्या सिनेमाचा शेवट

हिप्परवाडी (नळदुर्ग)
रविवार, ११ मे १९८६

चि. सौ. सिताबाईस तात्यारावाचे अ. उ. आ. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पाऊस नाही, टँकर एक दिवसाआड. तुमच्या भूमला तरी वेगळं काय असणार. तुझी चांगुणा मजेत आहे. तिच्या सासूबाई, मथुराबाई, नातवाला मांडीवरून खाली ठेवत नाहीत. चांगुणा म्हणते, मामा, लेकरू माझं का आत्याबाईचं तेच कळंना.

आता गंमत ऐक. आमच्या दूध सोसायटीनं रंगीत टीव्ही घेतलाय. काल दिवेलागणीला नळदुर्गचा व्हिडिओवाला यंत्र घेऊन आला. चेअरमन बंडप्पानं देवादिकांचा सिनेमा सांगितला होता, कॅसेट निघाली इंग्रजी. अमेरिकेत टीव्हीपुरता, थोडक्या खर्चात उरकलेला सिनेमा. आभाळातून डोंगराएवढा धोंडा पृथ्वीवर येतोय, एवढीच कथा. सगळे शास्त्रज्ञ एकाच खोलीत बसून फोन करतात. धोंडा तर चुलीत भाजलेल्या बटाट्यासारखा. पण गेल्या महिन्यातच रेडिओवर शेंडीवाल्या ताऱ्याच्या बातम्या ऐकलेल्या, त्यामुळं माणसं श्वास रोखून बसलेली. बंडप्पा म्हणाला, गुरुजी, तुम्ही शिकलेले, उभं राहून सांगा.

मी उभा राहिलो. सिते, शाळा सुटून सहा वर्षं झाली. दीडशे माणसं पुन्हा माझ्या तोंडाकडं बघत होती. चौथीच्या वर्गात कविता म्हणताना अंगावर काटा यायचा, तसा आला. इंग्रजी निम्मं कळलं, उरलेलं मी पदरचं घातलं. धोंडा उतरताना शार्दूलविक्रीडिताची चाल लावली. त्यातली माणसं जीव वाचवायला जमिनीखालच्या पक्क्या खोल्यांत उतरतात. त्याला आपल्या माणसांना कळेल असं काय म्हणावं? मी म्हटलं, पेव. जे आपली ज्वारी सांभाळतं, ते माणसंही सांभाळील. पेवात उतरले ते वाचले, वर राहिले त्यांची राख झाली, असा शेवट सांगितला. बायका डोळे पुसत होत्या. मथुराबाई म्हणाली, गुरुजी, आपल्याच गावात पडतोय असं वाटलं बघा.

म्हाताऱ्या भावाची बढाई पोटात घाल, आणि मायेत उणं पडू देऊ नकोस.

तुझा दादा,
तात्याराव

*

भूम
१५ मे

ती. स्व. दादांस सिताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, मेव्हणे शाळेतून निघाले पण शाळा काही मेव्हण्यांतून निघंना. बटाट्याच्या धोंड्याला पोरी लई हसल्या.

पण दादा, एक गोष्ट मनात टोचली. पेवात उतरा म्हणून सांगितलं, ते ठीक. पण पेव उघडल्यावर दिवसभर वारं लागू द्यावं, आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडावा, तो विझला तर माणसानं पाऊल टाकू नये, हे सांगितलं का? आपल्या गल्लीतला कोंडिबा आत कोंडलेल्या हवेनंच गेला. तुम्हीच त्याला खांदा दिला होता. तुम्ही म्हणाल, सिते, सिनेमात कंदील कुठला. पण लोकं तुमचं बोलणं सिनेमा म्हणून ऐकत न्हाईत, गुरुजी बोलले म्हणून ऐकतात. तेवढं एकदा सांगून टाका.

लहान तोंडी मोठा घास घेतला. राग धरू नये, लोभ तेवढा धरावा.

आपली,
सिता

*

हिप्परवाडी
२४ मे

चि. सिताबाईस आशीर्वाद.

तार मिळाली असेल. चांगुणा आणि बाळ सुखरूप आहेत, हे आधी वाच.

तुझं पत्र मंगळवारी सकाळी आलं. वाचून मी हसलो, कोनाड्यात ठेवलं. दुपारी तीनच्या सुमाराला एक विमान गावावरून अगदी खालून गेलं. आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, पत्रे थरथरले. धोंडा आला, धोंडा आला, म्हणत माणसं सैरावैरा पळाली. जावई बलभीम सोसायटीत होता. घरी मथुराबाई, चांगुणा, बाळ आणि धाकटा दीर रामकिसन. रामकिसननं पहारीनं अंगणातल्या पेवाचं झाकण उचकटलं. दोन वर्षं ते उघडलं नव्हतं. बाळाला खालून हातात घ्यायला मथुराबाई आधी उतरली, ती खालीच बसली. तिला काढायला रामकिसन उतरला. चांगुणा बाळाला घेऊन तोंडाशी उभी राहून हाका मारत होती. शेजाऱ्यांनी दोघांना गळ टाकून वर काढलं, पण दोघंही गेलेले होते.

पंचनाम्यात ‘ज्वारी काढताना’ असं लिहिलं आहे. पंच म्हणून माझी सही आहे.

जास्त लिहवत नाही.

तात्याराव

*

भूम
४ जून

ती. स्व. दादांस नमस्कार.

तेराव्याला मी आले. ताप आहे म्हणून तुम्ही दार लावून घेतलं. मी ओट्यावर तासभर बसून उठले. चांगुणेला इकडं आणलंय. बाळाला पाजते, बाकी बोलत न्हाय.

काल मात्र बोलली. म्हणाली, आई, त्या दिवशी मधेच लाईट गेली होती. टीव्ही बंद झाला. लोकं म्हणाली, गुरुजी, पुढं? आणि मामा अंधारात सांगतच राहिले. जावईबापूंनीही निघताना मला तेच विचारलं, मामांनी तो शेवट बघितला होता का?

दादा, मला अक्षर तुम्ही शिकवलं. त्याच अक्षरानं विचारते. बघितला होता का? मला नका सांगू. बलभीमला सांगा.

सिता

*

हिप्परवाडी
११ जून

चि. सिताबाईस,

नाही बघितला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी नळदुर्गला गेलो. व्हिडिओवाल्याकडं ती कॅसेट होती. राहिलेला भाग दहा मिनिटांचाही नाही. धोंडा पृथ्वीच्या बाजूनं निघून जातो. कुणी मरत नाही. खाली उतरलेली माणसं वर येतात, कपडे झटकतात, एकमेकांकडं बघून ओशाळं हसतात. व्हिडिओवाला म्हणाला, गुरुजी, असल्या सिनेमात शेवटी धोंडा पडतच न्हाय, पाडायला पैसा कुठाय त्यांच्याकडं.

तिथून ठाण्यात गेलो. माझी सही खोटी आहे, त्यांना पेवात मी घातलं, असं सांगितलं. फौजदार म्हणाले, गुरुजी, सिनेमाचा गुन्हा कसा लिहू? घरी जा. चहा दिला. मी तो प्यालो, याचीही लाज वाटते.

काल बलभीमकडं गेलो. तो खोऱ्यानं पेव बुजवत होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. लाईट गेली, पुढं काय ते मला माहीत नव्हतं, लोक माझ्याकडं बघत होते, म्हणून मी रचलं. त्यानं ऐकून घेतलं. ओरडेल, अंगावर येईल, असं वाटत होतं. ते झालं असतं तर बरं होतं. खोऱ्यावर हनुवटी टेकून तो म्हणाला, मामा, ठाव न्हाय म्हनला असता, तर आमी उठून घरी गेलो असतो. जेवून झोपलो असतो.

मग पुन्हा माती लोटायला लागला. मी दुसरं खोरं घेतलं. त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

माया शिल्लक असली तर ठेव. नसली तर मी मागत नाही.

तात्याराव