शंभर बैठका

चिंचवड, ता. ८ मार्च १९७४

आबांच्या पायांवर भिवाचं डोकं.

कंपनीत बरं चाललंय, जेवण पोटभर मिळतं. खोलीत आम्ही सहाजण, वेगवेगळ्या शिफ्टचे. कुणीतरी सदा झोपलेलं असतं, म्हणून तोंडातून आवाज काढता येत नाही.

बैठका सोडल्या नाहीत. ज्या दिवशी मारतो, त्या दिवशी मन थाऱ्यावर राहतं. पण तालमीत तुम्ही मोजायचात. इथं मनात मोजतो, चाळिसाला घर आठवतं, आकडा चुकतो. मग परत एकपासून. काल पाय लटपटले, तरी शंभर होईनात. आईला सांगू नका.

तुमचे गुडघे कसे आहेत?

एक करा आबा. रोज पहाटे पाचला ओट्यावर बसून मोठ्यानं मोजा. मीही इथं पाचलाच बैठका सुरू करीन, अन् तुमचे शंभर झाले असतील अशा अंदाजानं थांबेन.

तुमचा
भिवा